फोन चार्जिंगला लावला की तापतो, चार्जिंग मध्येच तुटते: बॅटरी बदलण्याआधी काय तपासावे आणि कुठे थांबावे

लक्षणे

पिन लावल्यावर चार्जिंगचे चिन्ह येते, जाते, पुन्हा येते. केबल एका ठरावीक कोनात वाकवून धरली किंवा तिच्यावर काही वजन ठेवले, तरच चार्जिंग टिकते. पूर्वी दीड-दोन तासांत भरणारा फोन आता चार-पाच तास घेतो. चार्जिंग चालू असताना फोनची पाठ हाताला चटका देण्याइतकी गरम लागते, किंवा तापमान वाढल्यामुळे चार्जिंग थांबवले असल्याची सूचना पडद्यावर येते. 30 टक्के दाखवत असलेला फोन एकाएकी बंद पडतो आणि चार्जर लावताच पुन्हा 25-30 टक्के दाखवत सुरू होतो. ही लक्षणे एकेकटी किंवा दोन-तीन मिळून दिसत असतील, तर खालच्या तपासण्या क्रमाने कराव्यात.

दुसरा गट वेगळा आहे. फोनची पाठ किंवा पडदा कडेने उचलला गेला आहे, सपाट टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगतो, पडद्याच्या मध्यभागी दाब पडल्यासारखा फिकट डाग दिसतो, गोडसर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा उग्र वास येतो, अथवा चार्जर काढून फोन बंद केल्यावरही तो थंड होत नाही. यांपैकी एकही लक्षण असेल, तर कोणतीही तपासणी न करता, फोन पुन्हा चार्जिंगला न लावता, थेट शेवटून दुसरा भाग वाचावा.

मी विदर्भाच्या कापूसपट्ट्यात मोबाइल दुरुस्तीचे काम करतो. चार्जिंगची तक्रार घेऊन येणारा ग्राहक बहुधा निदान घरीच करून आलेला असतो, आणि ते निदान असते, ‘बॅटरी गेली’. प्रत्यक्षात पहिल्या गटातील पुष्कळ फोनांना नवी बॅटरी लागत नाही, तर दुसऱ्या गटातील फोन मात्र लोक रबरबँड लावून आठवडेच्या आठवडे वापरत राहतात. म्हणून तपासण्यांचा क्रम फुकटापासून खर्चाकडे ठेवला आहे, आणि थांबण्याच्या जागा स्पष्ट सांगितल्या आहेत.

पहिली तपासणी: भिंतीवरचे सॉकेट

चार्जर थेट भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. ढिल्या झालेल्या सॉकेटमध्ये पट्टीची पकड सैल पडते, संपर्क क्षणोक्षणी तुटतो आणि त्या जागी बारीक ठिणग्या पडून उष्णता निर्माण होते. फोनच्या बाजूने हे ‘चार्जिंग येते-जाते’ असेच दिसते. चार्जरचा डबा कोमट होणे स्वाभाविक आहे, परंतु त्याच्या पितळी पिना चटका देत असतील किंवा सॉकेटभोवतीचे प्लास्टिक पिवळे-काळे पडले असेल, तर दोष फोनचा नसून वायरिंगचा आहे आणि ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर कूलर, मिक्सर आणि तीन चार्जर असतील, तर आधी तो बोर्ड बाजूला करावा.

टीव्हीच्या किंवा जुन्या संगणकाच्या यूएसबी जागेत केबल खुपसून ‘फोन चार्जच होत नाही’ म्हणणारेही कमी नाहीत. साध्या यूएसबी 2.0 जागेतून 5 व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॉट मिळणे अपेक्षित असते. 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॉट-तास ऊर्जा मावते. तेव्हा काहीही वाया जात नाही असे धरले, तरी ती भरायला साडेसात तासांहून अधिक वेळ लागणारच. गावात व्होल्टेज कमी असते म्हणून फोन बिघडतो, हा समजही बहुतांशी चुकीचा आहे. चार्जरवर बारीक अक्षरांत 100–240 व्होल्ट असे छापलेले असते आणि चांगला चार्जर त्या टप्प्यात आपले काम बिनतक्रार करतो.

दुसरी तपासणी: फोन ठेवण्याची जागा आणि हवामान

लिथियम-आयन बॅटरीच्या आयुष्यावर सर्वाधिक परिणाम करणाऱ्या गोष्टींत उष्णता अग्रभागी आहे. ॲपल आपल्या आयफोनसाठी वापराचे वातावरणीय तापमान 0 ते 35 अंश सेल्सिअस इतके सांगते. अकोला, वर्धा किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे जातो, टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी उभे राहवत नाही, आणि अशा खोलीत चार्जिंगला लावलेला फोन मुद्दाम चार्जिंगचा वेग कमी करतो किंवा ते थांबवतो. हा बिघाड नव्हे, तर बॅटरीच्या रक्षणासाठी फोनमध्ये बसवलेली व्यवस्था आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानात तिच्यावर उपाय नाही.

उपाय घरीच आहे. जाड कव्हर काढावे, फोन गादी, उशी किंवा चादरीवरून उचलून फरशीवर पंख्याखाली ठेवावा, चार्जिंग चालू असताना हॉटस्पॉट, खेळ आणि व्हिडिओ कॉल बंद ठेवावेत, आणि उन्हाळ्यात शक्यतो पहाटे चार्ज करावा. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात फोन लावून त्याच वेळी गाडीच्या यूएसबीवरून चार्ज करणे ही तर तिहेरी आपत्ती आहे: ऊन, चार्जिंगची उष्णता आणि नकाशा दाखवणारा पूर्ण उजेडाचा पडदा. शिवाय इंजिनच्या कंपनांनी कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिलेला आहे.

तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नये किंवा ओल्या फडक्यात गुंडाळू नये. गरम वस्तू एकदम थंड केली की दमट हवेतील बाष्प आतल्या बाजूस साचते, आणि मग उष्णतेच्या तक्रारीची जागा पाण्याची तक्रार घेते.

आमच्या भागापुरती आणखी एक सूचना. भाव वाढण्याची वाट पाहत कापूस घरातच साठवला जातो, आणि त्या खोलीतल्या सॉकेटला फोन लावून तो ढिगावर किंवा गोण्यांवर टेकवून ठेवला जातो. कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि ठिणगी मात्र लगेच पकडतो. त्या खोलीत चार्जिंग करूच नये.

तिसरी तपासणी: केबल आणि चार्जर, एका वेळी एकच

घरातल्या किंवा शेजाऱ्याच्या, नीट चालत असलेल्या फोनचा संच मागून घ्यावा, पण दोन्ही वस्तू एकदम बदलू नयेत. आधी आपल्याच चार्जरला त्यांची केबल लावून पाहावी, नंतर आपली केबल त्यांच्या चार्जरला. दोन्ही एकदम बदलले की दोष कोणाचा होता हे कळत नाही आणि चांगली वस्तू फेकली जाते. माझ्या अनुभवात केबल आधी जाते, आणि तीही टोकाजवळ, जिथे ती रोज वाकते. बाहेरचे आवरण शाबूत दिसते पण आतले तांब्याचे केस एकेक करून तुटलेले असतात. उरलेल्या थोड्या तारांतून प्रवाह नेताना केबल तिथेच तापते. केबलवरून बोटे फिरवून एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागते का, हे पाहावे. लागत असेल तर ती केबल चिकटपट्टी गुंडाळून वापरायची नाही, कापून टाकायची आहे.

चार्जिंग ‘हळू’ होण्याचे एक निरुपद्रवी कारण येथेच सापडते. काही कंपन्यांचे वेगवान चार्जिंग त्यांच्याच चार्जरने आणि त्यांच्याच केबलने होते. दुसरी केबल लावली की फोन आणि चार्जर यांचे बोलणे जुळत नाही आणि फोन साध्या वेगावर येतो. यात धोका काहीच नाही. साधी टाइप-सी केबल 3 अँपिअरपर्यंतच्या प्रवाहासाठी असते. त्याहून अधिक प्रवाहासाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते, आणि पदपथावरच्या स्वस्त केबलीत ती नसते.

चार्जर विकत घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे पाहावे. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पडताळता येतो. केवळ डब्यावर प्रसिद्ध नाव छापलेले असणे हा पुरावा नाही. हलक्या प्रतीच्या चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि फोनची 5 व्होल्टची बाजू यांच्यामधले अंतर वाचवलेले असते, आणि पावसाळ्यात त्या दोहोंमधला अडसर कोसळला तर धोका फोनपुरता राहत नाही, फोन हातात धरणाऱ्यालाही असतो. चार्जिंग चालू असताना फोनच्या धातूच्या कडेला मुंग्या आल्यासारखे जाणवत असेल, तर तो चार्जर त्याच क्षणी बाद करावा.

चौथी तपासणी: चार्जिंगची जागा

केबल वाकवून धरल्यावरच चार्जिंग होते, या तक्रारीचे माझ्या टेबलावरचे सर्वांत नेहमीचे उत्तर म्हणजे पोर्टमध्ये ठासून बसलेला कचरा. फोन शर्टाच्या किंवा पँटच्या खिशात पोर्टाच्या बाजूने उभा राहतो, कापडाचे तंतू आत जातात, आणि आपण दररोज पिन खुपसून ते तळाशी दाबत राहतो. वेचणीच्या हंगामात शेतावरून आणि जिनिंगमधून आलेल्या फोनांतून तर कापसाचा पूर्ण घट्ट बोळाच निघतो. मग पिन शेवटपर्यंत बसत नाही, संपर्क अर्धवट होतो, आणि थोड्याच पृष्ठभागातून प्रवाह वाहिल्याने ती जागा तापते. ओळखण्याची खूण सोपी आहे: पिन पूर्ण बसल्याचा ‘टक्’ जाणवत नाही, आणि तिचा धातू पूर्वीपेक्षा थोडा अधिक बाहेर दिसतो.

साफ करण्याची पद्धत अशी. चार्जर काढून फोन पूर्ण बंद करावा. चांगल्या उजेडात पोर्ट खाली झुकवून धरावे. लाकडी दातकोरणीचे टोक ब्लेडने चपटे करून, टाइप-सी पोर्टमध्ये मधल्या पातळ पट्टीला धक्का न लावता, बाहेरच्या भिंतीलगत तळापर्यंत न्यावे आणि कचरा हलकेच बाहेर ओढावा. खरवडू नये. सुई, टाचणी, सिम काढायची पिन, सेफ्टी पिन यांपैकी काहीही वापरू नये, कारण त्या मधल्या पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून 24 संपर्क अगदी जवळजवळ असतात, त्यांतला एखादा वाकला की पाच मिनिटांचे काम बोर्ड बदलण्यापर्यंत जाते. आणि फोन चालू असेल तर धातूच्या टोकाने शॉर्टसर्किट होऊ शकते. तोंडाने फुंकरही मारू नये, तिच्यासोबत थुंकीची वाफ आत जाते. पाणी, सॅनिटायझर, रॉकेल किंवा पेट्रोल आत सोडू नये. यातले प्रत्येक मी पोर्टमध्ये पाहिलेले आहे.

कचरा निघाल्यावर मोबाइलच्या टॉर्चने आत पाहावे. संपर्क सोनेरी दिसत असतील तर ठीक. हिरवट किंवा काळपट थर दिसत असेल, मधली पट्टी वाकडी किंवा तुटकी असेल, वा पूर्ण पोर्टच पिनेसोबत हलत असेल, तर घरचे काम इथे संपते. बहुतेक अँड्रॉइड फोनांत चार्जिंगचा भाग खालच्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, ज्याला दुकानात सबबोर्ड म्हणतात. तो बदलणे बॅटरीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते, पण फोन उघडावा लागतो.

पाचवी तपासणी: ओल

पावसाळ्यात, विशेषतः कोकण आणि गोव्याकडे, फोन पाण्यात न पडताही पोर्ट ओले होते. भिजलेला खिसा, स्वयंपाकघरातली वाफ, घामेजलेला हात एवढेही पुरते. अनेक फोन अशा वेळी पाण्याच्या थेंबाचे चिन्ह दाखवून चार्जिंग नाकारतात. त्या चिन्हाला फसवून, फोन बंद करून किंवा केबल पुनःपुन्हा लावून चार्जिंग सुरू करू नये. ओल्या संपर्कांवर व्होल्टेज आले की धातू विरघळू लागतो आणि वर सांगितलेला हिरवट थर तयार होतो.

पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटावा आणि पंख्याच्या वाऱ्यात काही तास, हवा फार दमट असेल तर दिवसभर, ठेवावा. तांदळाच्या डब्यात पुरू नये; तांदळाचे बारीक कण पोर्टात जातात, आणि ॲपलनेही आपल्या सूचनांत हा उपाय करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. केस वाळवण्याचे यंत्र किंवा शेगडीची ऊब यांनी ओल आत ढकलली जाते आणि कडेचा गोंद सैल होतो. समुद्राचे पाणी गेले असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. मीठ आतच राहते आणि पाणी सुकल्यावरही काम करत राहते. फोन बंद करून त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावा. आयपी 68 दर्जाच्या, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून संरक्षण असलेल्या, फोनलाही हे लागू आहे, कारण ती चाचणी गोड्या पाण्यात आणि नव्या फोनवर केलेली असते.

सहावी तपासणी: सेटिंग

हे थोडक्यात. ‘80 टक्क्यांच्या पुढे जातच नाही’ अशी तक्रार असेल तर बॅटरी-संरक्षणाचा पर्याय चालू आहे का ते पाहावे. तो असेल तर फोन सांगितल्याप्रमाणेच वागतो आहे, आणि तो तसाच चालू ठेवणे हिताचे आहे. बॅटरीच्या यादीत एखादे ॲप असामान्य खर्च करत असेल, तर ते काढून फोन पुन्हा सुरू करावा. फोन बंद ठेवून चार्ज केल्यावर तो थंड राहतो आणि चालू ठेवल्यावरच तापतो, असे आढळले तर दोष पोर्टपेक्षा एखाद्या ॲपचा असण्याची शक्यता अधिक.

सातवी तपासणी: बॅटरीचे वय

आता बॅटरी. फोन ज्या क्षमतेचा म्हणून घेतला तिच्या 100 टक्के एवढी चार्जिंग मिळून एक चक्र होते. 50 टक्के दोनदा भरले तरी ते एकच चक्र धरतात. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन 14 पर्यंतच्या बॅटऱ्या अनुकूल परिस्थितीत 500 चक्रांनंतर, आणि आयफोन 15 पासूनच्या 1000 चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्के टिकवतात. अनुकूल परिस्थिती हे शब्द महत्त्वाचे आहेत. विदर्भाचा उन्हाळा त्यांत बसत नाही. आयफोनमध्ये आणि अलीकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरीचे आरोग्य सेटिंगमध्ये दिसते. ते 80 टक्क्यांच्या खाली असेल आणि 30 टक्क्यांवर फोन एकाएकी बंद पडत असेल, तर वरच्या सहा तपासण्या स्वच्छ निघाल्यावर ‘बॅटरी गेली’ हे निदान मान्य करायला हरकत नाही. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, कॅमेरा किंवा कॉलसाठी फोनने एकदम प्रवाह मागितला की तिचे व्होल्टेज खाली कोसळते, आणि फोन स्वतःला बंद करतो.

बदलण्याचे काम मात्र स्वतः करू नये. पूर्वीच्या फोनांची पाठ नखाने निघत असे, ते दिवस गेले. आजची बॅटरी आत गोंदाने चिकटवलेली असते. ती पट्टीने उचकटताना वाकली, तर आतील अतिशय पातळ विभाजक फाटून धन आणि ऋण थर एकमेकांना टेकतात. 2016 मध्ये बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने सॅमसंगने गॅलेक्सी नोट 7 हा फोन बाजारातून परत घेतला. पुढील जानेवारीत कंपनीने जाहीर केलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या पुरवठादाराच्या बॅटऱ्यांत वरच्या कोपऱ्यातील ऋण थर वाकलेला होता. कारखान्यातल्या एका कोपऱ्याचा वाक एवढे करू शकतो, तर घरच्या पेचकसाने दिलेल्या वाकाची कल्पना करावी.

इथे थांबा: फुगलेली, वास येणारी किंवा न थांबता तापणारी बॅटरी

बॅटरी फुगते ती आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार झाल्यामुळे. तो वायू पेट घेऊ शकतो. म्हणून पाठ दाबून बसवू नये, चिकटपट्टी किंवा रबरबँड लावू नये, आणि ‘हवा काढण्यासाठी’ टाचणीने भोक तर कदापि पाडू नये. माहितीची प्रत काढण्यासाठी म्हणूनही फोन पुन्हा चार्ज करू नये. छायाचित्रे आणि संपर्क बॅटरीत नसून फोनच्या साठवणीत असतात, आणि दुरुस्ती करणारा दुसरी बॅटरी लावून ती काढून देऊ शकतो.

चार्जिंग चालू असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे, मग केबल काढावी. फोन बंद करून फरशीवर किंवा कोरडी वाळू घातलेल्या लोखंडी घमेल्यात, गॅस सिलिंडर, पडदे, गोण्या यांपासून दूर, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. खिशात किंवा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून नेऊ नये. कुरिअरने पाठवू नये. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने नेण्यास मनाई आहे आणि कुरिअरची पेटी कोणत्या मार्गाने जाईल हे आपल्या हाती नसते.

सूं असा आवाज, धूर किंवा ज्वाळा दिसल्या, तर फोन हातात घेऊन बाहेर पळत सुटू नये. बॅटरी पेटताना बाहेर पडणारा धूर विषारी असतो. माणसांना बाहेर काढावे, शक्य असल्यास त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करावा आणि 101 किंवा 112 वर फोन करावा. वीज तोडलेली असेल आणि जवळ जाणे सुरक्षित असेल, तर अशा लहान उपकरणावर भरपूर पाणी ओतणे योग्य आहे, कारण येथे ज्वाळा विझवण्याइतकेच आतील उष्णता उतरवणे आवश्यक असते. नुसती ज्वाळा विझली तर बॅटरी पुन्हा पेटू शकते.

दुकानात देताना

फोन ‘चार्ज होत नाही’ एवढेच सांगू नये. कोणत्या तपासण्या केल्या, दुसऱ्या केबलवर काय झाले, फोन पडला किंवा भिजला होता का, हे सांगितले तर आमचा अर्धा वेळ वाचतो. पोर्ट नीट तपासण्याआधी किंवा यूएसबी मीटरवर प्रवाह किती जातो हे पाहण्याआधी जो बॅटरी बदलायला सांगतो, त्याला कारण विचारावे. हमीचा काळ शिल्लक असेल तर फोन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच न्यावा, कारण बाहेर उघडलेल्या फोनची हमी पुढे नाकारली जाऊ शकते. बॅटरी बदलून झाल्यावर पाठीचा गोंद पुन्हा पूर्ण लावला का, हे विचारावे. फोन एकदा उघडला की मूळची पाण्यापासूनची सुरक्षा गृहीत धरता येत नाही.

काढलेली बॅटरी घरी नेण्याचा आग्रह धरू नये, पण ती कुठे जाते हे जरूर विचारावे. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून त्या घंटागाडीत न टाकता सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्याव्यात. घरी जुनी बॅटरी पडून असेल, तर तिच्या उघड्या संपर्कांवर चिकटपट्टी लावून ती वेगळी ठेवावी. किल्ल्या, सेल आणि नाणी असलेल्या खणात टाकू नये.